वैशाखातलं दूध

दिवस कलताना नरसिंहपूरला घाटाजवळच्या चिंचेखाली गाडी लावून आबाजीनं मडक्यावरचं ओलं फडकं उचललं आणि त्याचा चेहराच पडला. सकाळी पिंपळीत तापवून, कोमट झाल्यावर ओतलेलं दूध जाड होऊन गुठळ्या धरून बसलं होतं.

"नासलं?" पुढच्या सीटवरून त्याच्या बायकोनं, गोजरबाईनं विचारलं.

आबाजीनं मडकं हलवून पाहिलं. सकाळचं दूध सांजपर्यंत टिकवून बघायची ही तिसरी खेप. पहिल्यांदा बर्फ वितळून गादी भिजली. दुसऱ्यांदा मडक्याला ओलं गोणपाट गुंडाळलं, पण खिडक्या लावून घेतल्या. आतल्या आत उबून दूध दुपारीच फाटलं. या खेपेला मात्र त्यानं डोकं चालवलं होतं. शाळेची जुनी व्हॅन घेतलेली, तिच्यात झोपायला फळी टाकलेली. फळीशेजारी पाटीभर ओली वाळू, वाळूत मडकं, आणि गोणपाटावर सलाईनच्या नळीतून थेंब थेंब पाणी. खिडकीत पत्र्याचं नरसाळं बसवलं होतं, म्हणजे पळत्या गाडीचा वारा थेट गोणपाटावर.

मुलानं, रविराजनं, हात जोडले होते. "आबा, हाटेलात जेवा की गपगुमान!" पण गोजरबाईनं जन्मात हॉटेलची पायरी चढली नव्हती. मेंढरांमागं कोकणापर्यंत चालत गेलेली बाई. आता गुडघे गेले. ती वाट तिला पुन्हा एकदा दाखवायचीच, हा आबाजीचा हट्ट. तिची अट एकच. सकाळचं घरचं दूध सांजच्याला भाकरीसंगं खाता आलं पाहिजे, न्हाय तर ती कोकणात काय येत न्हाय.

"अवो, बोला की!"

"व्हय, नासलं," आबाजी म्हणाला. "पर मी सोडनार न्हाय. नरसाळं मोठं करतो. चौथ्यांदा बघच तू."

गोजरबाई गुडघ्यावर हात देत खाली उतरली. मडक्यावर वाकून तिनं वास घेतला.

"मडकं कुठलं घेतलंय?"

"चुलीमागचं. चांगलं मुरल्यालं हाय म्हून."

"काय मानूस हाय बाई! ईस वरसं त्यात इरजण लावतीया मी. घासलं म्हून त्याच्या अंगातलं दही जातंय व्हय?"

आबाजीनं कपाळावर हात मारला. एवढा खटाटोप, आणि मडकं नेमकं तेच उचललं!

गोजरबाईनं बोट बुडवून चाखलं. थांबली. पुन्हा चाखलं. मग वाळूवर तळवा टेकवून तसाच ठेवला.

"वैशाखात घरचं दही दिस कलायच्या आत आंबून जातंय," ती म्हणाली. "ह्ये ग्वाड हाय. अन् गार."

आबाजीनंही बोट बुडवून चाखलं. तिनं भाकरीचं फडकं सोडलं, त्याच्या भाकरीवर दही वाढलं, मग स्वतःच्या.

"दुधाला दुसरं मडकं आना," घास मोडत ती म्हणाली. "ह्ये दह्यालाच ऱ्हाऊ द्या. कोकणात असलं दही कुठं मिळायचं?"