मनुष्यास निरुपद्रवी

पोळं खाली उतरलं आणि सकाळपासून खिडक्या घट्ट लावून बसलेली अख्खी बिल्डिंग वाट्या घेऊन पोर्चमध्ये आली.

कुणाच्या हातात वाटी, कुणाच्या हातात पातेलं. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी तर फिरकीच्या झाकणाचा मोठा डबाच आणला होता. तासाभरापूर्वी हीच माणसं काचेआडून "एकही जिवंत सोडू नका" म्हणून खुणा करत होती. आता पायांखाली मेलेल्या माश्यांचा सडा पडला होता आणि तो तुडवत सगळे घमेल्यापर्यंत पोचले. मधाचं नाव निघाल्यावर कुणाला कशाची भीती म्हणून उरली नव्हती.

पोळं काढणारा डोक्यावरची जाळी न काढताच घमेल्याच्या आड उभा राहिला.

"कुणी हात लावू नका. यावर औषध मारलंय. पोटात गेलं तर दवाखाना गाठावा लागेल."

"वा!" डबेवाले हसले. "म्हणजे सगळा मध एकट्यानंच घशात घालायचा विचार आहे तर."

"अहो, खरंच सांगतोय..."

"नोटीस वाचा की जरा."

जिन्याशेजारच्या फळ्यावर सेक्रेटरींच्या सहीची नोटीस लावलेली होती. पोर्चमधले मधमाश्यांचे पोळे आज काढण्यात येईल, वापरण्यात येणारे औषध मनुष्यास निरुपद्रवी आहे. 'मनुष्यास निरुपद्रवी' या शब्दांखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

ही नोटीस कशी जन्माला आली ते पोळं काढणाऱ्याला चांगलं ठाऊक होतं. माश्या न मारता पेटीत भरून न्यायच्या तर संध्याकाळ होऊन त्या सगळ्या परत येईपर्यंत थांबायला हवं होतं. तसं तो दोनदा बोलला. पण सेक्रेटरींनी संध्याकाळी सगळ्या बिल्डिंगला जेवायला बोलावलं होतं. "मारा नि मोकळे व्हा," ते म्हणाले, आणि औषधाच्या वासावरून कुणी कुरकुरायला नको म्हणून त्यांनी लगेच नोटीस लिहायला घेतली. तो तिसऱ्यांदा बोलला नाही. गुमान पंप भरला. या माणसांची त्याला किळस आली होती, आणि त्या किळसेतला थोडा वाटा त्याचा स्वतःचाही होता.

पोळं कापताना घमेलं धरायला सेक्रेटरींनी वॉचमनला शिडीखाली उभं केलं होतं. "त्याला तोंडाला फडकं बांधू द्या, हातात काहीतरी घालू द्या," असं तो शिडीवरून ओरडला. त्यावर सेक्रेटरी बंद दाराच्या फटीतून म्हणाले होते, "काही होत नाही हो त्याला. उगाच लाडावून ठेवू नका."

आता तेच सेक्रेटरी गर्दीच्या मागे, आपण त्या गावचेच नाही अशा थाटात उभे होते. पुढे त्यांची बायको होती. तिच्या एका हातात स्टीलची वाटी होती आणि कडेवर दोन वर्षांची नात.

"द्या हो, उगाच भाव खाऊ नका," ती म्हणाली.

"ठीक आहे," तो म्हणाला. वाकून त्यानं मधानं टच्च भरलेला एक तुकडा कापला, गर्दीतून वाट काढली आणि तो सेक्रेटरींसमोर धरला. "पहिला मान साहेबांचा. तुम्ही खा, मग मी माझ्या हातानं सगळ्यांना वाटतो."

झाडून सगळ्यांच्या माना वळल्या. सेक्रेटरींनी हसून बघितलं, पण ते हसू काही जमलं नाही.

"मला शुगर आहे," ते म्हणाले.

"तुम्हाला आहे, आम्हाला नाही!" बायकोनं मागून येत वाटी काखेत मारली आणि तो तुकडा त्याच्या हातातून उचललासुद्धा. तिनं तो नातीच्या तोंडाशी नेला. "आधी माझ्या बाळाला. आ कर."

पोरीनं आ केला.

पोळं काढणारा सुरी टाकून पुढे झेपावला. पण त्याच्या आधी सेक्रेटरींचा हात पोचला. बायकोच्या मनगटावर असा फटका बसला की तुकडा उडून भिंतीला चिकटला.

"थुंक! थुंक आधी! गेलं का हिच्या तोंडात? बघ, बोट घालून बघ!"

पोरीनं भोकाड पसरलं. तोंडात काहीही गेलेलं नव्हतं. भिंतीवरून मध हळूहळू खाली ओघळत होता.

"अहो," मनगट चोळत बायको म्हणाली, "निरुपद्रवी ना?"

सेक्रेटरी रुमाल काढून बोटं पुसू लागले. डबेवाल्यांनी रिकाम्या डब्याला फिरवून झाकण लावलं आणि ते जिन्याकडे वळले. वाट्या एकेक करून पदराखाली, पाठीमागे गेल्या. ज्याच्या सहीनं सगळ्यांनी सकाळभर तो वास ओढला, त्याला एकानंही जाब विचारला नाही. संध्याकाळी त्याच्याकडेच जेवायला जायचं होतं.

पोर्च रिकामा झाल्यावर सेक्रेटरींना कंठ फुटला. भिंतीजवळ उभ्या वॉचमनवर ते खेकसले, "बघत काय उभा राहिलास? उचल हे सगळं. फरशी पुसून घे. पाहुणे यायच्या आत."

वॉचमन घमेल्याशी वाकला.

पोळं काढणाऱ्यानं आपले रबरी हातमोजे उतरवले आणि त्याच्यापुढे धरले.

वॉचमननं आधी हातमोज्यांकडे पाहिलं. मग कोपरापर्यंत मधानं चिकट झालेल्या आपल्या उघड्या हातांकडे पाहिलं.

"आता?" त्यानं विचारलं.