कमावती गाडी

शरयूताई चहा घेऊन खाली आल्या, तेव्हा त्यांची बिनचालकाची गाडी जागेवर नव्हती. त्यांचे यजमान वामनराव तर दुपारीच तिच्यात जाऊन बसले होते. हल्ली विसरायला लागल्यापासून त्यांना तिथेच बरं वाटे.

"वहिनी, तुमची गाडी कामाला गेली," शेजारचे दाभाडे म्हणाले. "पेट्रोलचं इंजिनही पोसायचं आणि बॅटरीही. गाडीने आपला मेंटेनन्स आपणच कमवायचा म्हटल्यावर तिला रोज भाडी मारावीच लागणार. आमची नुसती विजेची, आठवड्यातून एकदा जाते."

"भाऊजी, हे आत होते."

दाभाड्यांचं हसू मावळलं. शरयूताईंनी गाडीला फोन लावला.

"भाडं म्हणून एक आजोबा आत बसलेत," गाडी म्हणाली. "पत्ता सांगत नाहीत. बायकोला माहेरून, साताऱ्याहून आणायचंय, एवढंच म्हणतात. मी घाट चढतेय. कुठे सोडू?"

साताऱ्याचं माहेरचं घर विकून कितीतरी वर्षं झाली होती. शरयूताईंनी इथलाच पत्ता सांगितला आणि त्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. फाटकातल्या या पांढऱ्या केसांच्या बाईला ते बायको म्हणून ओळखतील का, एवढीच आता धास्ती होती.