फक्त वरच्या पदराला

"जरा खाली. अजून खाली," इशबेल म्हणाली. शवपेटीवर वाकलेला तिचा मुलगा स्ट्रूअन पिन हातात धरून तसाच थांबला. पेटीत त्याचा बाप कॅलम पूर्ण पोशाखात निजला होता. किल्ट, म्हणजे समोर दोन पदर एकावर एक येणारा स्कॉटिश पुरुषांचा लोकरी घागरा, तो घालूनच पुरायचं, असं त्याने मरण्यापूर्वी बजावलं होतं. न ऐकायची सवय घरात कुणालाच नव्हती.

बाहेरच्या खोलीत शेजारीपाजारी व्हिस्कीचे पेले धरून कॅलमचे गुण आठवत बसले होते. बराच वेळ कुणी काही बोललं नव्हतं.

स्ट्रूअनने पदराच्या कडेला बोटं टेकवून अंतर मोजलं. किल्टची पिन लावायची ती फक्त वरच्या पदराला, कडेपासून दोन बोटं आत. टोक दोन धाग्यांच्या मधून सरकवायचं, धागा चिरायचा नाही. खालचा पदर मोकळाच हवा. दोन्ही एकत्र टोचले की पहिल्याच ढांगेला कापड टरकतं. लहानपणी एका लग्नात त्याने दोन्ही टोचले आणि नाचताना किल्ट फाटला. किल्ट त्याच दुपारी इन्व्हर्नेसला रफूला गेला. बापाने मोडलेला त्याचा हात दवाखान्यात गेला तो दुसऱ्या दिवशी.

"झाकणाचे स्क्रू लांब आहेत ना रे?" इशबेलने पुन्हा विचारलं.

"आहेत गं आई. पुरेसे आहेत."

"पुरेसे म्हणजे?"

कॅलम गेल्यापासून तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. दुःखात असं होतं, असं म्हणून पेटीवाल्याने तिला थोपटलंही होतं.

पिन बसली. स्ट्रूअन एक पाऊल मागे सरला, मान तिरकी करून त्याने पाहिलं. "झालं. एकच पदर. बाबा काही बोलले नसते."

"काढ ती. दोन्ही पदरांतून घाल."

"काहीतरीच काय! पाऊल टाकलं की फाटेल ना!"

"हे ह्यांना ठाऊक आहे?"

"त्यांनीच तर शिकवलं मला."

"मग घाल," इशबेल हळूच म्हणाली. "आपली हाडं मोडताना त्यांनी कधी मागेपुढे पाहिलं नाही. पण किल्ट फाटेल म्हटल्यावर जागचे हलायचे नाहीत."

स्ट्रूअनने पिन काढली आणि दोन्ही पदरांतून आरपार घातली. मग स्वतःच्या किल्टची पिन काढून तीही तिच्या शेजारी लावली.