यादीतलं नाव

“काकू, वायफायच्या यादीत कोणकोणती नावं दिसतात?” नेट कंपनीतली मुलगी फोनवरून सारंगच्या आईला विचारत होती.

नेट सकाळपासून तिसऱ्यांदा गेलं होतं. पूर्वी असं झालं की सारंग लगेच स्वतःच्या मोबाइलचं नेट सुरू करायचा. “आई, माझं घे,” म्हणायचा. चार महिन्यांपूर्वी तो अपघातात गेला. तिच्या नवऱ्याने त्याचा मोबाइल बंद करून कपाटात ठेवला आणि पुन्हा मुलाचं नाव काढलं नाही.

तिने लॅपटॉपवर बघून वाचलं, “राऊत होम... गुरव... सारंगचा मोबाइल.”

तिने वळून पाहिलं. आतल्या खोलीत नवरा पाठमोरा बसला होता. चार्जरची वायर त्याच्या मुठीत गेली होती.

“यातलं तुमच्या घरचं कोणतं, काकू?”

“शेवटचं,” ती म्हणाली.