मोकळेपणानं बोला

राजगोपालनं खुर्च्या गोल मांडल्या, स्वतःचीही त्यांतच ढकलली आणि टेबल भिंतीला लावून टाकलं. टेबलाआडून माणसं सांभाळता येत नाहीत, असं कोइम्बतूरच्या तीन दिवसांच्या शिबिरात त्याला शिकवलं होतं. काळ अनिश्चित आहे, तेव्हा साहेबानं ऐकावं, वाकावं, आपल्याला सगळं कळतं असा आव आणू नये. राजगोपालला ते अगदी मनापासून पटलं होतं. पटलेली गोष्ट अंगाशी येईपर्यंतच करायची, हे मात्र त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

तंजावरच्या एका कापडदुकानाच्या माडीवर पाण्याच्या पंपांच्या कंपनीचं हे तक्रार कार्यालय. पापनाशमपासून ओरत्तनाडूपर्यंत कुणाची मोटर बंद पडली की फोन इथे येतो. शेतकरी ‘मोटर रडतेय’ म्हणाला की बेअरिंग गेलं, ‘मोटर रुसलीय’ म्हणाला की एक फेज गेली, हे इथल्या आठ जणांना झोपेतही कळतं. पोंगलच्या सणानंतर हे फोन यंत्र घेणार होतं. आठांतले चारच ठेवा, जाणाऱ्यांची नावं आज पाचपर्यंत कळवा, असा मुख्य कार्यालयाचा निरोप सकाळीच आला होता. तोवर आठही जणांनी यंत्राला शेतकऱ्यांची बोली शिकवायची होती.

कॉफी आली. सगळे बसले. राजगोपाल शेजारच्या वसुमतीअक्काकडे वळला आणि मराठीत बोलू लागला. अक्का त्याच्या हाताखालची सुपरवायझर, वयानं मोठी, त्याच्याच गल्लीतली. दोघंही तंजावरच्या जुन्या मराठी घरांतली. कार्यालयात बाकी सगळे तमिळ. त्यामुळे गेली नऊ वर्षं कुणाविषयी काही बोलायचं तर या दोघांना दार लावावं लागत नसे. एवढंच पथ्य, की नाव घ्यायचं नाही. नाव कुठल्याही भाषेत कळतं.

“अक्का, कोण कोण जाणार तें सांग बरें.”

“मिशांचा जाऊं दे. वय झालें त्याचें.” वसुमतीअक्का कॉफी खालीवर ओतून निववत होती, कॉफीत साखर कमी पडल्याची तक्रार करावी, तसा तिचा चेहरा. “आणि ती लेंकराची. सदा रजाच मागते. खिडकीपाशीं बसतात ते दोघे तर आहेतच.”

“लेंकराची गेली तर तिचें घर कसें चालायचें?”

“मग तिला ठेव. दुसरें कोण तें तूं सांग.”

राजगोपालनं दुसरं कोण ते सांगितलं नाही. त्याला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण एकदा वाईट वाटून झालं की आपलं काम संपलं, अशी त्याची समजूत होती.

“यांस आतां सांगायचें नाहीं कां?” अक्कानं विचारलं.

“आतां सांगितलें तर यंत्राला कोण शिकवील? पोंगल होऊं दे.”

मग तो सगळ्यांकडे वळला आणि तमिळमध्ये म्हणाला, “आज मोकळेपणानं बोला. मी काहीच ठरवलेलं नाही. खरं सांगतो, पुढचं मलाही दिसत नाहीये. तुम्ही सांगाल तसं करू.” शेवटच्या वाक्याला त्याचा आवाज थोडा कापरा झाला, आणि तो त्याचा त्यालाच आवडला.

मग शिवकुमारनं आपल्या भरघोस मिशांवरून हात फिरवला.

“सर, अखिलाला ठेवा. तिच्या नवऱ्याला काम नाही, पोर अजून रांगतंय. माझा मुलगा मिळवता झालाय. मी जातो.”

“अखिला जाणार असं कुणी सांगितलं तुम्हाला?”

“तुम्हीच. आत्ता.”

राजगोपाल हसला. दुसरं कुणी हसलं नाही. वसुमतीअक्काच्या हातातली कॉफी ओतायची राहिली.

“नऊ वर्सं ऐकतों आम्ही, सार.” हे अखिला बोलली, आणि मराठीत बोलली. हेल तमिळ, शब्द चाचपडत, पण एकही चुकीच्या जागी पडला नाही. “रजा कोणास द्यायची नाहीं, रात्रपाळीस कोणास घालायचें, अस्कें, अगदीं सगळें, याच भाषेंत ठरतें. शिकल्यावांचून कसें राहायचें?”

“मग इतके दिवस सांगितलें कां नाहीं?” राजगोपालनं विचारलं.

“सांगितलें असतें तर तुम्ही दार लावून बोलला असतां.”

राजगोपालची मान खाली गेली. लाज वाटत होतीच; पण लाजेपेक्षा राग जास्त होता. त्याच्या आईची भाषा या लोकांनी त्याला न विचारता उचलली होती, आणि त्याच्यासमोर इतकी वर्षं ते कोऱ्या चेहऱ्यानं बसले होते. शिबिरातलं एक वाक्य धड आठवेना. यादी पाचला द्यायची होती. यंत्र यायचं होतं. आता याक्षणी काय बोलावं, हे कुणाला तरी विचारायलाच हवं होतं.

सवयीनं तो वसुमतीअक्काकडे झुकला.

“अक्का, आतां...”

शिवकुमारनं उठून पंखा बंद केला. सगळ्यांना नीट ऐकू यावं म्हणून.