दाढ बरी होईपर्यंत

“डॉक्टर, दाढ काढल्यावर माणसाला ओरडता येतं का?”

टिमकीने विचारलं आणि खुर्चीतल्या बाबांनी तोंडातला कापूस तसाच दाबून धरत डोळे वटारले. मैत्रिणींनी पैजच लावली होती. त्या टिमकीच्याच इमारतीत राहायच्या आणि तिच्या बाबांचा आवाज भिंतींतून त्यांच्या ताटापर्यंत पोचायचा. “हिंमत असेल तर त्यांच्या तोंडावर विचारून दाखव,” त्या म्हणाल्या होत्या. गेल्या वर्षीची टिमकी मेली असती, पण विचारलं नसतं. यंदाची टिमकी वक्तृत्वस्पर्धेत पहिली आली होती.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत.

“चांगलं विचारलंस. नाही येत. दाढ होती तिथे आता खड्डा आहे. त्यात रक्ताची गुठळी धरते. ती म्हणजे जखमेचं झाकण. ते निघालं, की खाली हाड उघडं. मग जे दुखतं ना, त्यापुढे दाढदुखी म्हणजे गुदगुल्या. तेव्हा थुंकायचं नाही, खळखळून चुळा भरायच्या नाहीत, सिगरेट बंद, स्ट्रॉने काही ओढायचं नाही. आणि आठवडाभर तोंड मिटून. ओरडणं तर विसराच.”

घरी येताच टिमकीने हे सगळं आईला दोनदा ऐकवलं. आईने एकेक बोट मोजत परत म्हणून दाखवलं. मग टिमकीने सिगरेटचं पाकीट लपवलं आणि फडताळातली हिरव्या स्ट्रॉंची जुडी कचऱ्याच्या डब्यात, चहाच्या चोथ्याखाली खुपसली.

“बाबांची अक्कलदाढ गेली. आता घरात अक्कल माझी चालणार!”

आई चक्क खुदकन हसली.

बाबा छापखान्यात मशीनवर होते. मशीनच्या गोंगाटात बोलून बोलून त्यांचा आवाज चढलाय, असं आई सगळ्यांना सांगायची. शेजारीही माना हलवायचे. मशीनवर काम करून भांडी फेकायची सवय कशी लागते, हे कुणी विचारलं नव्हतं.

घर गप्प झालं. आई घरीच कपडे शिवून द्यायची. जिन्यात बाबांच्या चपला वाजल्या की तिचं शिलाई मशीन थांबायचं. आता ते सलग चालू लागलं. आईची वाक्यंही सलग चालू लागली. एरवी ती प्रत्येक वाक्य अर्ध्यात सोडून कानोसा घ्यायची. त्या दोन दिवसांत तिने, ती आणि मावशी लहानपणी झाडावरून कशा पडल्या, ती गोष्ट पार शेवटापर्यंत सांगितली. तिला शेवट आहे, हे टिमकीला पहिल्यांदाच कळलं.

तिसऱ्या दिवशी सूज उतरली.

“मीठ कुठाय?” बाबा म्हणाले. आवाज अर्धाच निघाला, पण मऊ भाताची वाटी भिंतीवर पुरती आपटली. मशीन थांबलं. टिमकी दप्तर घेऊन दारात उभी होती. आई खाली बसून भात गोळा करत होती. ओठ हलत होते. ती पुन्हा एकेक बोट मोजत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा भिंतीला डोकं टेकून बसले होते. दाढेच्या खड्ड्यातली कळ कानात शिरली होती. एवढा आडदांड माणूस, आणि तोंडातून नुसतं बारीक कण्हणं.

डॉक्टरबाईंनी आरसा आत घालून पाहिलं. “झाकण गेलं. हाड दिसतंय. काय केलंत?”

बाबांनी मान हलवली. मग त्यांना आठवलं. “दूध प्यालो. काल. स्ट्रॉने. हिने दिलं.”

“मला वाटलं, तोंड कमी उघडावं लागेल,” आई म्हणाली.

“अहो ताई, नेमकं तेच करायचं नव्हतं!”

डॉक्टरबाईंनी खड्डा धुतला, त्यात औषधाची पट्टी भरली. बाबांनी खुर्चीचे हात गच्च धरले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. टिमकीला त्यांची दया आली. खरंच आली.

“आता अजून किती दिवस?” आईने विचारलं.

“आठवडा तरी. बोलूसुद्धा देऊ नका.”

आईचे खांदे खाली आले. भरलेली बादली जमिनीवर ठेवल्यावर येतात, तसे.

घरी ओट्यावर पालथ्या पेल्याशेजारी एक हिरवी स्ट्रॉ वाळत होती. धुतलेली. तरी एका टोकाला चहाच्या चोथ्याचा कण चिकटलेला होता. टिमकीने ती उचलून खिशात घातली. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन सलग चालू झालं. टिमकी जिन्यात गेली, मावशीला फोन केला, परत आली आणि आई-बाबांच्या मधोमध उभी राहिली.

“बाबा, तुमची दाढ बरी होईपर्यंत मी स्वतः तुम्हाला चमच्याने दूध पाजणार. त्यानंतर मी आणि आई मावशीकडे राहायला जाणार. मावशी हो म्हणालीय.”

बाबांनी ओरडायला तोंड उघडलं. हात जबड्यावर गेला. तोंड मिटलं.

मशीन थांबलं. “अगं, काहीतरीच काय? आता तर घर किती...” आईने वाक्य अर्ध्यात सोडलं.

टिमकी तिच्याजवळ गेली. बाबांना दिसणार नाही अशा बेताने तिने ती स्ट्रॉ आईच्या मुठीत ठेवली आणि मूठ मिटवली.

“घर शांत आहे, माहितीय मला. पण त्यासाठी तुला पुन्हा कचऱ्यात हात घालायला लागू नये, आई. आपण जातोय.”