भांड्याच्या गळ्याचं दव

जगात त्या जातीच्या पांढऱ्या गेंड्याच्या दोनच माद्या उरल्या होत्या, माय आणि लेक, आणि दोघींनाही गर्भ वाढवणं शक्य नव्हतं. त्यांच्या स्त्रीबीजांपासून तयार केलेले भ्रूण परदेशातल्या एका प्रयोगशाळेत द्रव नायट्रोजनच्या भांड्यात गोठवून ठेवले होते. रोहिणखेडच्या कचरूंची समता तिथेच कामाला होती. त्या दुपारी व्हिडिओ कॉलवर ती आईबाबांना ते भांडं कौतुकानं दाखवत होती.

कचरू एकदम पुढे सरकले. "समता, भांड्याच्या गळ्याले दव काऊन धरलं?"

"एसी चालू हाये ना, बाबा. काटा तं भरलेलंच दाखवते."

"काट्याले राहू दे. लाकडी पट्टी घाल आत, बुडापर्यंत. आत्ताच्या आत्ता."

त्यांचा आवाज ऐकून तिनं वाद घातला नाही. पट्टी बाहेर आली तेव्हा टोकाला जेमतेम दोन बोटं हिमाचा पांढरा थर होता. ज्या नायट्रोजनवर भ्रूण गोठून राहतात, तोच गळ्यातून उडून संपत आला होता.

फोन टेबलावर तसाच पडला. दहा मिनिटं घरी फक्त छत दिसत होतं आणि धावणारी पावलं ऐकू येत होती. बेबीताईंनी नवऱ्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

मग समताचा घामेजलेला चेहरा दिसला. "सगळे दुसऱ्या भांड्यात हलवले, बाबा. वाचले. आमचे सर विचारून राह्यले, तुम्ही कोणत्या विद्यापीठात होते म्हणून."



"सांग त्याईले," कचरू म्हणाले, "मोताळ्यात म्हशी गाभण करणाऱ्या डॉक्टरचं, गोठवलेल्या रेताचं असंच भांडं तीस वर्षं सायकलवर वाह्यलं म्या."